टीव्हीवर वाचलेली प्रुफं

सकाळचे दहा वाजले की घरातला टीव्ही बाईंच्या ताब्यात जायचा. ड्रायव्हरसाहेब बातम्या अर्ध्यावर टाकून उठायचे, रिमोट टेबलावर ठेवायचे, दुखरा गुडघा दोन्ही हातांनी सरळ करायचे आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेर जिन्यापाशी जाऊन बसायचे. हे बाईंचे यजमान. चौतीस वर्षं त्यांनी शहराच्या बस चालवल्या, त्यामुळे एका जागी तासन्‌तास बसायची सवय दांडगी. आता समोरून रस्ता सरकत नव्हता, एवढाच काय तो फरक.

मग बाई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायच्या, यादीतून आपल्या टीव्हीचं नाव निवडायच्या आणि वाट बघत बसायच्या. स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहायचं. मनात आलं तर ते दोन फेऱ्यांत थांबायचं, नाहीतर पाच-पाच मिनिटं खायचं. बाईंनी त्याच्याशी भांडणं केव्हाच सोडून दिलं होतं. अखेर भिंतीवर, जिथे आत्तापर्यंत चार माणसं एकमेकांवर ओरडत होती, तिथे खोकल्याच्या औषधाची माहितीपत्रिका उमटायची. बोटबोटभर उंचीची अक्षरं. बाई खुर्ची पुढे ओढायच्या, मान किंचित डावीकडे वळवायच्या आणि वाचायला लागायच्या.

बाई मुद्रितशोधक होत्या. शब्द जड, म्हणून छापखान्यात सगळे त्यांना प्रूफबाई म्हणत. औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला पातळ कागद असतो ना, जो आपण न वाचता फेकून देतो, तो छापण्यापूर्वी कुणीतरी अक्षर न्‌ अक्षर वाचलेला असतो. एकतीस वर्षं ते कुणीतरी म्हणजे बाई. औषध कंपनीकडून आलेली मूळ प्रत एका हाताला, छापायला तयार झालेलं प्रूफ दुसऱ्या हाताला, आणि दोन्हींत तिळाएवढाही फरक राहता कामा नये. त्यांनी 'ठीक आहे' असं लिहून पाठवलं की कागद थेट छपाईला जायचा. त्यानंतर तो बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

पूर्वी हे काम दोघांचं असे. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर नजर ठेवायची. बाई छापखान्यात लागल्या त्या वाचणारी म्हणून. प्रुफावर बसायचे ते मास्तर. तिरसट माणूस, पण कामाला पक्का. त्यांचे दोन नियम होते. पहिला, आकडा सलग वाचायचा नाही. पन्नास म्हणायचं नाही, 'पाच, शून्य' म्हणायचं, म्हणजे ऐकणाऱ्याचा कान फसत नाही. आणि दुसरा, वाचता आलं नाही तर अंदाजानं काही ठोकून द्यायचं नाही. 'दिसत नाही' असं स्वच्छ सांगायचं आणि थांबायचं. पहिला नियम बाईंच्या जिभेत इतका मुरला की घरीसुद्धा फोन नंबर, विजेचं बिल, बसची वेळ, सगळं त्या एकेक आकडा तोडून सांगायच्या. आमच्या हिला वय विचारलं तर पाच, आठ असं उत्तर मिळतं, असं ड्रायव्हरसाहेब पाहुण्यांना सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

मास्तरांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांना नीट दिसेनासं झालं होतं. ते कुणाला बोलले नाहीत. बाईंच्या मात्र लक्षात आलं, कारण त्यांनी वाचलेला शब्द आणि मास्तरांचं बोट एकाच ओळीवर नसायचं. मग बाई मूळ प्रत वाचता वाचता चोरून प्रुफावरही नजर टाकायच्या, राहिलेल्या चुकांवर पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यायच्या, आणि मास्तर त्या ठिपक्यांवर लाल शाईनं खूण करायचे. दोघांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मास्तर मानानं निवृत्त झाले. त्या दिवशी घरी येताना बाईंनी मनाशी ठरवलं होतं, आपल्यावर ही वेळ आली तर आपण आपल्या तोंडानं सांगायचं.

पुढे खर्च वाढला तसा वाचणारा माणूस गेला आणि दोघांचं काम एकट्या बाईंवर आलं. गेल्या वर्षी प्रूफ विभागाची खोलीही गेली. लॅपटॉप हातात देऊन बाईंना घरी बसवलं. मूळ प्रती कागदावर घरपोच यायच्या, प्रुफं ईमेलनं यायला लागली. येण्याजाण्याचा वेळ वाचेल, असं सगळे म्हणाले. तो वाचला खरा, पण कुठे गेला ते बाईंना सापडलं नाही, कारण काम संध्याकाळपर्यंत पुरायचं ते पुरायचंच. आणि त्याच सुमाराला डोळ्यांनी दगा दिला.

बाई एखाद्या अक्षराकडे सरळ बघायला गेल्या की नेमकं तेच अक्षर गायब व्हायचं. आजूबाजूचं दिसायचं, मधलं पुसल्यासारखं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्याच्या मधल्या भागाची झीज झालीय, चष्म्यानं काही होणार नाही, आहे ते जपायचं. तो कागद बाईंनी कपाटात चादरींच्या घडीखाली सरकवून ठेवला. आधी भिंग आलं. मग लॅपटॉपवर अक्षरं मोठी करणं आलं. पण अक्षरं मोठी केली की पान स्क्रीनबाहेर जायचं, आणि अर्धी ओळ इकडे, अर्धी तिकडे असं ढकलताना बाईंच्या नाकी नऊ यायचे. रोज संध्याकाळी कपाळ ठणकायचं. झोप व्हायची, पण सकाळी उठल्यावरही डोळे शिळेच असायचे. औषधाच्या कागदावर तर पेंगून चालत नाही. तिथे एक टिंब इकडचं तिकडे झालं तर कुणाच्या तरी घरात त्याची किंमत मोजली जाते. बाईंना हे कुणी सांगायची गरज नव्हती. तरीही त्या छापखान्यात बोलल्या नाहीत. आज सांगू, उद्या सांगू करत महिने गेले. सांगितल्यावर उरणार काय, हा प्रश्न त्यांना मोठा वाटत होता. एकतीस वर्षं आपण प्रूफबाई, आणि ते गेलं तर आपल्याला हाक तरी काय मारायची, असं त्यांना खरंच वाटायचं.

टीव्हीची युक्ती परगावी असलेल्या लेकीची. तिला बाईंनी डोळ्यांचं सांगितलं नव्हतं, नुसतं पाठ दुखते, वाकून बसवत नाही असं सांगितलं होतं. लेक म्हणाली, मग लॅपटॉपचं चित्र टीव्हीवर टाक आणि ताठ बसून वाच. टीव्ही बराच जुना, त्यामुळे त्याच्या पाठीत खोचायची बोटाएवढी कांडी तिनं पाठवली आणि तीन संध्याकाळी फोनवर बसून आईला शिकवलं. वायर लावली असती तर सोपं झालं असतं, पण ती खोलीच्या मधोमध गेली असती आणि ड्रायव्हरसाहेबांचा पाय अडकून दुसराही गुडघा गेला असता. म्हणून बिनवायरचं. पहिल्या दिवशी बाईंनी यादीतलं भलतंच नाव निवडलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी मालिका बघत होत्या, त्यांच्या टीव्हीवर ऐन रडारडीच्या प्रसंगात मूळव्याधीच्या मलमाची पत्रिका अवतरली. दुपारी वहिनी खाली आल्या आणि आवाज खाली आणून विचारलं, घरात कुणाला त्रास आहे का? त्या दिवशी बाई खूप महिन्यांनी हसल्या.

ड्रायव्हरसाहेबांनी टीव्ही का द्यायचा, कशासाठी, असं काही विचारलं नाही. पाठ दुखते म्हटल्यावर बरं म्हणाले आणि खुर्ची उचलली.

असे आठ आठवडे गेले. टीव्हीवर माउसचा बाण हाताच्या मागून रेंगाळत यायचा, तेही बाईंच्या अंगवळणी पडलं. पान पडद्याच्या रुंदीला बसवायचं, एकेक ओळ वर सरकवायची, मूळ प्रत भिंगाखाली धरायची, मान तिरकी ठेवायची. मान अवघडली तरी ठणका कमी झाला. एक्केचाळीस पत्रिका अशा वाचून झाल्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एवढी ढकलली की सुटलो, असा हिशेब त्यांनी मनाशी मांडला होता. मास्तरही असंच म्हणत असतील, हे त्यांच्या मनात यायचं आणि त्या ते बाजूला सारायच्या.

त्या दिवशी सामना होता. ड्रायव्हरसाहेब तोंडानं काही बोलले नव्हते, पण दुपारपासून जिन्यापाशी चुळबुळत होते. बाईंनी त्या दिवशीची शेवटची पत्रिका, लहान मुलांच्या तापाच्या औषधाची, दुपारीच 'ठीक आहे' म्हणून पाठवून दिली. ती संध्याकाळी सहाच्या पाळीला यंत्रावर चढणार होती. पाचच्या सुमाराला त्यांनी लॅपटॉपवरून जोडणी तोडली, यजमानांना आत बोलावलं आणि स्वतः चहा ठेवायला गेल्या.

चहा गाळता गाळता त्यांनी सहज विचारलं, धावा किती झाल्या. बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं, एकशे ऐंशी आणि वर काहीतरी.

"काहीतरी म्हणजे?" बाईंना अर्धवट आकडा सहन व्हायचा नाही.

"शेवटचा आकडा दिसत नाही गं. हा टीव्ही कडा खातो. पहिल्यापासूनच. कोपऱ्यातलं थोडं थोडं बाहेर जातं. चार असेल."

बाई कप घेऊन बाहेर आल्या आणि टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. पडद्याच्या अगदी कोपऱ्यात धावसंख्या होती. एक, आठ, आणि पुढे पडद्याची काळी चौकट. त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि लॅपटॉप पुन्हा उघडला. या वेळी टीव्हीला जोडला नाही.

तापाच्या औषधाची पत्रिका उघडून त्यांनी भिंग थेट लॅपटॉपच्या काचेवर धरलं. असल्या पत्रिकेत कागद वाचवायला समास जवळजवळ ठेवतच नाहीत, मजकूर काठाच्या अगदी अलीकडे येऊन थांबतो, आणि एखादं अक्षर जादा पडलं तर ते थेट काठाला भिडतं. उजव्या काठाला मात्रेचा तक्ता होता. शीर्षकात 'मिलिलिटर' आणि खाली नुसते एकेरी आकडे, मुलाच्या वयाप्रमाणे. बाई डोळा तिरका करून एकेक घर खाली उतरत गेल्या. दोन. तीन. मग पाच. पाचाच्या पुढे, पानाच्या टोकाला, एक शून्य होतं.

त्यांनी मूळ प्रत ओढली. तिथे पाच. नुसतं पाच. अक्षरजुळणी करणाऱ्याच्या बोटानं एक जादा कळ दाबली गेली होती. टीव्हीवर ते शून्य चौकटीबाहेर राहिलं, आणि बाईंनी पाचाशी पाच ताडून 'ठीक आहे' लिहिलं. दोन वर्षांच्या मुलाला पाचाऐवजी पन्नास. बाटलीभर. बाईंनी घड्याळ बघायला मान वर केली तर काटे दिसेनात. किती वाजले, असं त्यांनी विचारलं. पाच वीस, असं उत्तर आलं, आणि सामन्याचा आवाज बंद झाला.

छापखान्याचा मॅनेजर एकेकाळी बाईंच्या हाताखाली उमेदवार होता. प्रुफावरच्या खुणा त्याला त्यांनीच शिकवल्या होत्या. फोन त्यानं लगेच उचलला. बाईंनी पत्रिकेचं नाव, तक्त्याची ओळ आणि जादा शून्य सांगितलं. त्यानं फोन तसाच धरून कुणाला तरी ओरडून थांबायला सांगितलं. छपाईची प्लेट तयार होती, कागद चढवायचा बाकी होता. परत फोनवर आला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडलेला आवाजावरूनच कळत होता. तो म्हणाला, ताई, तुम्ही पाठवून दिल्यावरही पुन्हा बघता, म्हणून आम्ही निवांत असतो.

इथे फोन ठेवता आला असता. बाईंना ते स्वच्छ कळत होतं. ठेवला असता तर शाबासकीच मिळाली असती. पण मागे चाळीस पत्रिका होत्या, छापून, घड्या घालून, खोक्यांत बसून गेलेल्या. त्यांनी सांगितलं की आठ आठवड्यांतल्या सगळ्या पत्रिका दुसऱ्या कुणाकडून तरी पुन्हा तपासून घ्या, उजवा काठ आधी. का, असं त्यानं विचारलं. मग टीव्हीचं सांगावं लागलं. तो आधी हसला, घरबसल्या मोठ्या पडद्यावर काम म्हणजे चैन आहे म्हणाला. मग विचार करून बोलायला लागला. चूक टीव्हीची आहे, तुमची नाही. जुन्या टीव्हीत असं होतंच. त्यात एक सेटिंग असते, ती बदलली की पूर्ण चित्र दिसतं, उद्या माणूस पाठवतो. वरिष्ठांनाही तेच सांगू, यंत्राचा दोष म्हणून. तो त्यांना वाचवायला बघत होता, आणि मनापासून बघत होता.

बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. किती थकलोय आपण, एवढंच त्यांच्या मनात आलं. आठ आठवड्यांचं नव्हे, त्याच्याही आधीचं सगळं एकदम अंगावर आलं. भिंग लपवणं, चादरीखालचा कागद, रोज सकाळी ते गोल चक्र.

"टीव्हीचा दोष नाही रे," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही."

पलीकडे यंत्राची घरघर ऐकू येत होती. त्यानं विचारलं, "कधीपासून?"

"अकरा महिने."

आठ आठवडे म्हटलं असतं तर चाळीस पत्रिका पुन्हा तपासायला निघाल्या असत्या. अकरा महिन्यांच्या दोनशेच्या वर निघणार होत्या, आणि त्या सगळ्या आता बाईंची सही असूनही न वाचलेल्या ठरणार होत्या. मॅनेजर बरं म्हणाला. यादी पाठवा म्हणाला. उद्या लॅपटॉप घेऊन या म्हणाला. या वेळी त्यानं ताई म्हटलं नाही. रागानं नसेल, सुचलं नसेल, पण बाईंच्या कानानं ते टिपलं. तसले शब्द गळले की टिपायचे, हेच तर त्या जन्मभर करत आल्या होत्या.

यादी पाठवून त्यांनी लॅपटॉप मिटला. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. नुसतं बसावंसं वाटत होतं. ड्रायव्हरसाहेब गार झालेला चहा पुन्हा ऊन करून घेऊन आले होते. गुडघ्यामुळे कप बशीत वाजत होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण त्यांच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. बाईंना ते जाणवलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"गेल्या वर्षी स्टॉपवर. समोरून बस येत होती आणि तिचा नंबर तू मला विचारलास." त्यांनी कप बाईंच्या हाताशी ठेवला. "बसचा नंबर तू कधी कुणाला विचारला नव्हतास."

"मग बोलला का नाहीत?"

ड्रायव्हरसाहेबांनी खुर्ची बाईंच्या खुर्चीला लागून सरकवली आणि ते बसले. सामना आवाजाशिवाय चालू होता. हिरवं मैदान आणि त्यात हलणारे पांढरे ठिपके, एवढं बाईंना दिसत होतं, मध्ये नेहमीची पुसट जागा. उद्यापासून दहा वाजता हा टीव्ही कुणी मागणार नव्हतं.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

ड्रायव्हरसाहेब पुढे वाकले. डोळे बारीक करून त्यांनी पडद्याचा कोपरा न्याहाळला आणि एरवी कधी करत नसत तसं, थांबून, आकडा तोडून वाचलं.

"एक. नऊ." मग अंदाज न करता ते म्हणाले, "पुढचा दिसत नाही."